पाण्याच्या टाकीत न्यूट्रिनो दिसतो म्हणजे नेमकं काय दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा: न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो, कशालाही दाद देत नाही, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग डोंगराखाली खाणीत पाण्याची टाकी बांधून तो सापडतो कसा? पाणीच का, इतकं खोल का, आणि जे सापडलं तो न्यूट्रिनोच होता हे कशावरून?

मी बरीच वर्षं अशाच डिटेक्टरांच्या डेटावर काम करत आलोय, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा देणार आहे. न्यूट्रिनोची धडक निसर्ग घडवतो, त्यात आपला काही हात नाही. ती धडक बाकीच्या असंख्य गोष्टींतून वेगळी काढायची, हे आमचं काम, आणि आयुष्यातली वर्षं जातात ती याच कामात.

आधी एक गैरसमज दूर करू. टाकीत न्यूट्रिनो दिसत नाही, कधीच दिसलेला नाही. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे पाण्यातून जाताना तो कसलाही माग ठेवत नाही. क्वचित एखादा न्यूट्रिनो पाण्यातल्या इलेक्ट्रॉनला किंवा अणुकेंद्राला धडकतो आणि त्या धडकेतून एखादा भारित कण वेगानं सुटतो. आपल्यापर्यंत पोचतो तो या भारित कणानं पाण्यात उमटवलेला प्रकाश. न्यूट्रिनोबद्दल आपण जे काही म्हणतो, ते सगळं त्या प्रकाशावरून मागे जात काढलेलं असतं.

धडक किती दुर्मीळ, ते आकड्यांत बघा. आकडे सुपर-कामिओकांडेचे घेतो, कारण या प्रकारातला सगळ्यात नावाजलेला डिटेक्टर तोच. जपानच्या गिफू प्रांतात कामिओका इथल्या खाणीत, डोंगराच्या पोटात १,००० मीटर खाली, ३९.३ मीटर व्यासाची आणि ४१.४ मीटर उंचीची पोलादी टाकी आहे. तिच्यात ५०,००० टन अतिशुद्ध पाणी आहे. १ एप्रिल १९९६ रोजी तिचं काम सुरू झालं. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो पृथ्वीवर दर चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे ६५ अब्ज जातात. टाकीच्या माथ्याचं क्षेत्रफळ धरून ढोबळ हिशेब केला, तर दिवसभरात तिच्यातून गेलेल्या सौर न्यूट्रिनोंची संख्या ७ वर २२ शून्यं इतकी भरते. त्यातले आमच्या हाती लागतात दिवसाला जेमतेम वीस. अर्थात यातले बहुतेक न्यूट्रिनो इतक्या कमी ऊर्जेचे असतात की त्यांनी इलेक्ट्रॉनला ढकललं तरी पाण्यात पुरेसा उजेड पडत नाही. आपल्याला दिसू शकतात ते सूर्याच्या गाभ्यात बोरॉन-८ या अणुकेंद्राच्या ऱ्हासातून निघालेले, आणि ते दहा हजारांत एखादाच असतात. टाकी एवढी मोठी का, याचं उत्तर यातच आहे. धडकेची शक्यता वाढवता येत नाही, तेव्हा धडकायला जास्तीत जास्त पाणी समोर ठेवायचं.

आता प्रकाशाकडे वळू. निर्वातात प्रकाशाला कुणी मागे टाकू शकत नाही, पण पाण्यात प्रकाशाचा वेग तीन चतुर्थांशावर येतो. भारित कण मात्र पाण्यातही जवळजवळ निर्वातातल्या प्रकाशाच्या वेगानं धावू शकतो. असा कण पाण्यातल्या प्रकाशाला मागे टाकतो तेव्हा त्याच्या वाटेवर निळसर प्रकाशाचा शंकू तयार होतो. वेगानं जाणाऱ्या होडीच्या दोन्ही बाजूंना तिरपी लाट सुटते, तसाच हा प्रकार. पाण्यात हा प्रकाश कणाच्या दिशेशी साधारण ४२ अंशांचा कोन करतो. पावेल चेरेन्कोव्ह यांनी तो १९३४ मध्ये नोंदवला, म्हणून त्याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. कण थोडं अंतर जाऊन थांबतो आणि शंकू पुढे पसरत जाऊन टाकीच्या भिंतीवर एक वलय उमटवतो. वलयच का, भरलेलं वर्तुळ का नाही? कारण कण थांबला की प्रकाशही थांबतो, आणि मधली जागा काळी राहते. कण न थांबता थेट भिंतीपर्यंत गेला, तर त्याचा प्रकाश शेवटपर्यंत पडत राहतो आणि वर्तुळ आतून भरून निघतं. भिंतीवरची आकृती बघूनच कण आत थांबला की निसटला हे सांगता येतं.

हे वलय डोळ्यांनी दिसेल असा समज करून घेऊ नका. १० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पाण्यात फार तर पाच सेंटिमीटर जातो आणि दीड-दोन हजार फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सोडतो. चाळीस मीटरच्या अंधाऱ्या पोकळीत एवढाच उजेड. तो टिपायला टाकीच्या आतल्या भिंतींवर, तळाशी आणि छताला मिळून ११,००० हून अधिक फोटोमल्टिप्लायर ट्यूब लावलेल्या आहेत. आम्ही त्यांना नुसतं पीएमटी म्हणतो. प्रत्येकीचा काचेचा फुगा ५० सेंटिमीटर व्यासाचा. सगळ्या मिळून आतल्या पृष्ठभागाचा सुमारे ४० टक्के भाग व्यापतात. काचेच्या आतल्या बाजूला प्रकाशसंवेदी पदार्थाचा पातळ लेप असतो. त्यावर फोटॉन पडला की साधारण पाचांतून एकदा एक इलेक्ट्रॉन सुटतो. सुमारे २,००० व्होल्टच्या विद्युतदाबाखाली तो एकामागून एक धातूच्या पट्ट्यांवर आपटत जातो, दर टप्प्याला इलेक्ट्रॉन वाढत जातात आणि शेवटी एकाचे जवळपास एक कोटी होतात. एवढा स्पंद विद्युतमंडलाला सहज मोजता येतो.

प्रत्यक्षात एक घटना कशी दिसते ते सांगतो. पडद्यावर टाकी उलगडून मांडलेली असते. मधे दंडगोलाची भिंत सपाट केलेली, वर आणि खाली दोन गोल झाकणं. त्यावर पेटलेल्या ट्यूबांचे रंगीत ठिपके. वर सांगितलेल्या १० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनमुळे अकरा हजारांपैकी साठेक ट्यूब पेटतात. पण पीएमटी अगदी अंधारातही स्वस्थ बसत नाही. उष्णतेमुळे लेपातून आपसूक इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि प्रत्येक ट्यूब सेकंदाला हजारो खोटे स्पंद देते. त्यामुळे प्रकाशाला टाकी पार करायला जो वेळ लागतो, म्हणजे २०० नॅनोसेकंदांच्या आतबाहेर, तेवढ्यात आठ-दहा ट्यूब काही कारण नसताना पेटलेल्या असतात. नवखा माणूस हा पडदा बघतो तेव्हा त्याला विखुरलेल्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. तिथे वलय डोळ्यांनी शोधायचं नसतं, वेळेवरून काढायचं असतं.

पाण्यात प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे २२ सेंटिमीटर जातो, आणि प्रत्येक ट्यूब आपल्यावर प्रकाश कधी पडला हे दोन-तीन नॅनोसेकंदांच्या अचूकतेनं सांगते. आता टाकीतला कुठलाही एक बिंदू घ्या. तिथून प्रत्येक पेटलेल्या ट्यूबपर्यंत जायला लागणारा वेळ त्या ट्यूबच्या नोंदीतून वजा करा. ज्या बिंदूसाठी सगळ्या ट्यूबांचा प्रकाश एकाच क्षणी निघालेला ठरतो, धडक तिथे झाली. खोटे स्पंद या हिशेबात बसत नाहीत, ते विखुरलेलेच राहतात. कमी ऊर्जेच्या घटनेची जागा अशी अर्ध्या ते एक मीटरपर्यंत कळते. त्या बिंदूतून ४२ अंशांचा शंकू फिरवून बघितला की दिशा मिळते, आणि किती ट्यूब पेटल्या त्यावरून ऊर्जा. मला आजही हे विलक्षण वाटतं, की जागा, दिशा आणि ऊर्जा या तिन्ही गोष्टी साठ ठिपक्यांच्या वेळेतून आणि ठिकाणातून निघतात.

ऊर्जा शेकडो पटींनी जास्त असली, की वलय डोळ्यांनाही स्पष्ट दिसतं आणि मग त्याची कड बोलू लागते. म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच भारित कण, पण त्याच्या सुमारे २०० पट जड, त्यामुळे तो सरळ रेषेत जातो आणि वलयाची कड रेखीव येते. इलेक्ट्रॉन वाटेत गॅमा किरण सोडतो, त्यातून आणखी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (धनभारित इलेक्ट्रॉन) निर्माण होतात, प्रत्येक जण थोड्या वेगळ्या दिशेनं प्रकाश टाकतो आणि वलय पिंजलेल्या कापसासारखं पसरट होतं. न्यूट्रिनोच्या वेगवेगळ्या जाती असतात: कड रेखीव असेल तर धडकलेला न्यूट्रिनो म्युऑन जातीचा, पसरट असेल तर इलेक्ट्रॉन जातीचा. शिवाय म्युऑन थांबल्यावर सरासरी २.२ मायक्रोसेकंदांनी त्याचा ऱ्हास होऊन इलेक्ट्रॉन निघतो, तो दुसरा छोटा लखलखाट म्हणजे पक्का पुरावा. एवढ्या साध्या फरकावर पुढे नोबेल मिळालं, ते खाली येईलच.

आता खरा प्रश्न. हा प्रकाश न्यूट्रिनोचाच कशावरून?

पहिला अडथळा वैश्विक किरणांचा, म्हणजे अवकाशातून वातावरणावर आदळणाऱ्या कणांचा. वातावरणात तयार झालेले म्युऑन जमिनीवर तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला एखादा जातात. उघड्यावर ठेवलेली अशी टाकी त्यांच्या प्रकाशानं सतत भरलेली राहील. हजार मीटर खडकाखाली त्यांची संख्या सुमारे एक लाख पटींनी घटते. तरी सुपर-कामिओकांडेत सेकंदाला दोनेक म्युऑन घुसतातच. न्यूट्रिनोच्या धडका दिवसाला मोजक्या आणि म्युऑन दिवसाला पावणेदोन लाख, असा हा हिशेब आहे. म्हणून टाकी दोन कप्प्यांची केलेली असते. बाहेर सुमारे दोन मीटर जाडीचा पाण्याचा थर, त्यात बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवलेल्या १,८८५ लहान ट्यूब. म्युऑन भारित असतो, तो बाहेरचा थर उजळल्याशिवाय आत येऊच शकत नाही. बाहेर पूर्ण अंधार आणि आत, भिंतीपासून दूर, अचानक वलय सुरू झालं, तर तिथपर्यंत पोचलेला कण भाररहित होता. खडकातून आलेले गॅमा किरण आणि न्यूट्रॉनही भाररहितच, पण ते पाण्याच्या पहिल्या मीटर-दोन मीटरमध्ये अडकतात. म्हणून भिंतीपासून दोन मीटरच्या आतलं पाणी आम्ही मोजणीत धरत नाही. ५०,००० टनांपैकी मोजणीत धरतो ते २२,५०० टन. निम्म्याहून जास्त पाणी फक्त चिलखत म्हणून वापरायचं, हे बाहेरच्यांना पटत नाही, पण त्याशिवाय कमी ऊर्जेचं एकही मोजमाप उभं राहत नाही.

दुसरा अडथळा जास्त चिवट, कारण तो पाण्याच्या आतच जन्मतो. म्युऑन निघून जातो, पण जाता जाता एखाद्या ऑक्सिजनच्या अणुकेंद्राचे तुकडे करून जातो. त्यातून नायट्रोजन-१६ किंवा बोरॉन-१२ सारखी अस्थिर केंद्रं तयार होतात. नायट्रोजन-१६ चा अर्धायुकाल सुमारे ७ सेकंद. म्हणजे म्युऑन गेल्यावर कितीतरी वेळानं, टाकीच्या मधोमध, बाहेरचा थर शांत असताना, सौर न्यूट्रिनोसारखाच दिसणारा इलेक्ट्रॉन निघतो. यावर उपाय एकच: प्रत्येक म्युऑनचा मार्ग लक्षात ठेवायचा आणि त्या मार्गाच्या आसपास नंतर काही सेकंद दिसलेल्या घटना संशयित धरायच्या. यात काही खरे न्यूट्रिनोही जातात. ती किंमत मोजावीच लागते. माझ्या मते खोलीचं महत्त्व सगळ्यात जास्त इथे कळतं. खुद्द म्युऑन ओळखणं सोपं, त्यांनी मागे ठेवलेली घाण निवडणं अवघड.

तिसरा शत्रू रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू. खाणीच्या हवेत तो भरपूर असतो आणि पाण्यात सहज विरघळतो. त्याच्या ऱ्हासाच्या साखळीतलं बिस्मथ-२१४ इलेक्ट्रॉन सोडतं आणि अगदी कमी ऊर्जेच्या भागात सगळं गढूळ करून टाकतं. म्हणून टाकीचं पाणी अखंड फिरवत ठेवून गाळतात, आयन काढून घेतात, अतिनील किरणांनी जंतू मारतात, विरघळलेले वायू ओढून काढतात. पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेतही रेडॉन काढलेली हवाच सोडतात. याचा दुसरा फायदा पारदर्शकतेचा. असं पाणी प्रकाशाला १०० मीटरच्या आसपास फारसं न शोषता जाऊ देतं. पाणीच का, याचंही उत्तर हेच. हजारो टनांनी मिळणारा, स्वच्छ करता येणारा आणि इतका पारदर्शक दुसरा द्रव नाही. तापमानही सांभाळावं लागतं, १३ अंश सेल्सिअसच्या आसपास. ते वरखाली झालं तर पाण्यात प्रवाह सुरू होतात आणि तळाचा रेडॉन मधे येतो.

एवढं करूनही कमी ऊर्जेच्या एखाद्या सुट्या घटनेवर बोट ठेवून 'हा सूर्याचा न्यूट्रिनो' असं आम्ही म्हणू शकत नाही. ते फक्त समूहाबद्दल म्हणता येतं. न्यूट्रिनोनं ढकललेला इलेक्ट्रॉन बराचसा त्याच्याच दिशेनं पुढे जातो. प्रत्येक घटनेची दिशा आणि त्या क्षणी सूर्य कुठे होता ती दिशा, यांतला कोन मांडत गेलं, की रेडॉन आणि तुटलेल्या केंद्रांच्या घटना सगळीकडे सारख्या पसरतात, आणि सूर्याच्या दिशेला एक ढीग उभा राहतो. तो ढीग म्हणजे सौर न्यूट्रिनो. रात्री सूर्य पायाखाली असतो तेव्हाही ढीग त्याच्याच दिशेला येतो. पृथ्वीच्या आरपार बघितलेला सूर्य म्हणतात तो हाच.

हे सगळं मोजमाप खरं आहे का, हे तपासायला सुपर-कामिओकांडेच्या माथ्यावर इलेक्ट्रॉन प्रवेगक बसवला. मूळचा वैद्यकीय उपचारांसाठी बनवलेला. त्यातून नेमक्या माहीत असलेल्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन एकेक करून पाण्यात सोडायचे आणि डिटेक्टर काय सांगतो ते पडताळायचं. अशा तपासण्यांवर जेवढा वेळ जातो तेवढा योग्यच आहे. ऊर्जेच्या मापात एका टक्क्याची चूक झाली तरी सौर न्यूट्रिनोंची मोजणी हलते.

या यंत्रणेनं एकदा फार मोठा घाव सोसला आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी दुरुस्तीनंतर टाकी पुन्हा भरत असताना तळाजवळची एक ट्यूब पाण्याच्या दाबाखाली आत चेपून फुटली. आत निर्वात असल्यानं पाणी मोठ्या वेगानं आत घुसलं आणि त्या धक्क्याच्या लाटेनं शेजारची, तिनं तिच्या शेजारची, असं करत काही सेकंदांत साडेसहा हजारांहून अधिक ट्यूब फुटल्या. उरलेल्या ट्यूब पातळ पसरून २००२ मध्ये काम पुन्हा सुरू केलं, आणि २००६ मध्ये पूर्ण संख्या भरली. अपघातानंतर बसवलेली प्रत्येक ट्यूब ॲक्रिलिकच्या घुमटात आणि प्लॅस्टिकच्या कवचात असते. एक फुटली तरी लाट शेजारी पोचू नये, यासाठी.

यातली पहिली टाकी मुळात न्यूट्रिनोसाठी बांधलीच नव्हती. १९८३ मध्ये सुरू झालेली ३,००० टनांची कामिओकांडे प्रोटॉनचा ऱ्हास शोधायला होती. तो आजवर सापडलेला नाही. पण सौर न्यूट्रिनोंसाठी तिच्यात सुधारणा झाल्या झाल्या, २३ फेब्रुवारी १९८७ रोजी, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो येऊन थडकले. कामिओकांडेत १३ सेकंदांत ११ घटना, अमेरिकेतल्या ओहायोमधल्या मिठाच्या खाणीतल्या आयएमबी डिटेक्टरमध्ये ८. कामिओकांडेचं घड्याळ तेव्हा एखाद्या मिनिटापलीकडे अचूक नव्हतं, आयएमबीचं होतं, म्हणून दोन्ही नोंदी एकमेकींना आधार देऊ शकल्या. मासातोशी कोशिबा यांना २००२ चं नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं.

रेखीव आणि पसरट वलयांची गोष्ट १९९८ ची. वैश्विक किरणांमुळे वातावरणात म्युऑन जातीचे आणि इलेक्ट्रॉन जातीचे न्यूट्रिनो साधारण दोनास एक या प्रमाणात तयार होतात. वरून येणारे दहा-वीस किलोमीटर येतात, खालून येणारे पृथ्वी ओलांडून जवळपास १३,००० किलोमीटर. सुपर-कामिओकांडेत खालून येणारी रेखीव वलयं अपेक्षेच्या निम्मीच निघाली. पसरट वलयं मात्र दोन्हीकडून सारखी. म्हणजे लांबच्या प्रवासात म्युऑन जातीचे न्यूट्रिनो जात बदलत होते, आणि जात बदलायची तर त्यांना वस्तुमान असायला हवं. ताकाआकी काजिता यांनी हे मांडलं. कॅनडात सडबरी इथे दोन किलोमीटर खोल निकेलच्या खाणीत १,००० टन जड पाणी वापरून आर्थर मॅकडोनाल्ड यांच्या गटानं सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंचंही तसंच होतं हे दाखवलं. जड पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन असतो. त्याचं केंद्र कुठल्याही जातीचा न्यूट्रिनो फोडू शकतो, म्हणून तिथे एकूण संख्या आणि फक्त इलेक्ट्रॉन जातीची संख्या वेगवेगळ्या मोजता आल्या. दुसरी पहिलीच्या एक तृतीयांश भरली. दोघांना मिळून २०१५ चं नोबेल.

शेवटी सध्याच्या कामाबद्दल, कारण 'न्यूट्रिनोच कशावरून' याला मिळालेलं सगळ्यात नवं उत्तर त्यात आहे. ताऱ्यांच्या स्फोटातून येणारा प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचा प्रतिकण, पाण्यातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनला धडकला, की एक पॉझिट्रॉन आणि एक न्यूट्रॉन निघतो. पॉझिट्रॉन लगेच प्रकाश देतो. न्यूट्रॉन पाण्यात भटकून शेवटी एखाद्या प्रोटॉनला चिकटतो आणि २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा एकच गॅमा सोडतो. त्याचा उजेड इतका कमी की तो खोट्या स्पंदांत बुडून जातो. गॅडोलिनियम हे मूलद्रव्य मात्र न्यूट्रॉन फार हावरटपणे गिळतं आणि एकूण सुमारे ८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा सोडतं, ते स्पष्ट दिसतात. २०२० मध्ये सुपर-कामिओकांडेच्या पाण्यात १३ टन गॅडोलिनियम सल्फेट विरघळवलं, २०२२ मध्ये आणखी २६ टन. आता गॅडोलिनियमचं प्रमाण ०.०३ टक्के आहे आणि चार न्यूट्रॉनांपैकी साधारण तीन त्यालाच लागतात. ज्या शुद्धीकरण यंत्रणेनं वीस-पंचवीस वर्षं पाण्यातलं सगळं काढून टाकलं, तिला आता गॅडोलिनियम ठेवून बाकीचं तेवढं काढायला शिकवावं लागलं. ते काम बाहेर कुणाला दिसत नाही, पण माझ्या नजरेत ते धडकेच्या भौतिकीइतकंच मोठं आहे.

यातून जोडीनं येणारे दोन लखलखाट शोधायचे असतात: आधी पॉझिट्रॉनचा, मग शंभरेक मायक्रोसेकंदांच्या आत, त्याच जागेजवळ, न्यूट्रॉनचा. विश्वात आजवर फुटलेल्या सगळ्या ताऱ्यांच्या न्यूट्रिनोंचा मंद शिडकावा अजूनही आपल्यातून जात असला पाहिजे. वर्षाकाठी मोजक्याच अशा जोड्या अपेक्षित आहेत. यासाठी आणि इतरही शोधांसाठी शेजारच्या डोंगरात ६८ मीटर व्यासाची आणि ७१ मीटर उंचीची हायपर-कामिओकांडे उभी राहते आहे. तिच्यात सुमारे २ लाख ६० हजार टन पाणी मावेल.